पुन्हा उभे राहिलेले भुज : नोंदीतले शहर आणि नोंदीबाहेरचे शहर

भूकंपात उद्ध्वस्त झालेल्या ऐतिहासिक शहराचे पुढे काय करावे, या प्रश्नाला आजवर ढोबळमानाने तीन उत्तरे दिली गेली आहेत : शहर होते तिथे आणि होते तसेच बांधणे, होते तिथेच पण नव्या आखणीने बांधणे, किंवा जागाच सोडून दुसरीकडे वसवणे. 1 नोव्हेंबर 1755 रोजी भूकंप, समुद्राच्या लाटा आणि आग यांनी लिस्बन बेचिराख केले, तेव्हा पोर्तुगालचे मुख्य अभियंता मानुएल द माया यांनी हे पर्याय गुणदोषांसह लेखी मांडले आणि मंत्री पोंबाल यांच्या कारभारात जुन्याच जागी सरळ, रुंद रस्त्यांचे नवे शहर आखले गेले. सिसिलीतील नोतो 1693 च्या भूकंपानंतर काही किलोमीटर अंतरावर नव्याने वसवले गेले, तर ग्वाटेमालाची राजधानी 1773 च्या भूकंपानंतर अँटिग्वा सोडून आजच्या जागी हलली. 2001 मध्ये कच्छमधील भुजपुढे हाच प्रश्न उभा राहिला, तेव्हा जुन्या जागी नवी आखणी आणि ज्यांना बाहेर पडायचे असेल त्यांच्यासाठी शहराबाहेर नव्या वसाहती, असा मिश्र मार्ग स्वीकारण्यात आला.

भुजची पुनर्रचना हे आपत्तीनंतरच्या नगरनियोजनाचे यशस्वी उदाहरण म्हणून वारंवार सांगितले जाते, आणि त्याच वेळी एका जुन्या शहराचे शहरपण हरवल्याची तक्रारही तितक्याच वेळा ऐकू येते. ही दोन्ही मते एकमेकांना खोडून काढतात असे वरवर वाटले, तरी ती एकाच कारणातून निघाली आहेत. भुजची पुनर्रचना मुख्यतः जमिनीच्या मालकीच्या नोंदींवर उभी होती. त्यामुळे जे नोंदीत होते ते मोठ्या प्रमाणात आणि बऱ्याच न्यायाने परत आले, तर जे नोंदीत नव्हते, म्हणजे भाडेकरूंचा निवारा, गल्ल्यांतले सामायिक जीवन, साध्या घरांचा वारसा आणि पाण्याच्या वाटा, ते मागे पडले किंवा उशिरा आणि वेगळ्या हातांनी परत आले.

भूकंपापूर्वीचे शहर

भुजची स्थापना सोळाव्या शतकाच्या आरंभी राव हमीर यांनी केली असे मानले जाते, आणि 1549 मध्ये राव खेंगारजी पहिले यांनी ते जाडेजा घराण्याची राजधानी केले. शहराच्या पूर्वेला भुजियो हा तटबंदीचा डोंगर आणि पश्चिमेला हमीरसर तलाव, या दोहोंच्या मध्ये तटाच्या आतले जुने शहर वाढले. या तटाला पाच मुख्य दरवाजे, म्हणजे नाके होते आणि त्याशिवाय ‘छठी बारी’ नावाची एक छोटी वाट होती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तटाचा बराच भाग पाडला गेला असला, तरी त्याच्या आतली रचना 2001 पर्यंत मोठ्या प्रमाणात टिकून होती.

या रचनेचा घटक सुटे घर हा नव्हता. तो होता फळिया, म्हणजे एखाद्या आंधळ्या गल्लीभोवती किंवा चौकाभोवती एकाच जातीची, जमातीची किंवा धंद्याची घरे ज्यात एकत्र येत असा समूह. फळियात शिरण्यासाठी बहुधा एकच वाट असे आणि पुष्कळदा तिला देवडीसारखा दरवाजा, म्हणजे डेली असे. अशा गल्ल्या अरुंद असण्यामागे संरक्षणाप्रमाणेच हवामानाचेही कारण होते, कारण कच्छच्या कडक उन्हाळ्यात दोन्ही बाजूंच्या उंच भिंती एकमेकींवर सावली धरत आणि दुपारीदेखील वाट चालण्याजोगी राहत असे. ओटे, विहिरी, छोटी देवस्थाने, पीर आणि जनावरांसाठीची मोकळी जागा ही कोणा एकाच्या मालकीची नसून सर्वांच्या वहिवाटीची होती, आणि ही वहिवाट कोणत्याही दप्तरात लिहिलेली नव्हती. विसाव्या शतकाच्या अखेरीस शहराची लोकसंख्या लाखाच्या घरात गेली होती, जुन्या वाड्यांवर काँक्रीटचे मजले चढले होते, आणि मूळ मालक मुंबईला, पूर्व आफ्रिकेत किंवा इंग्लंडमध्ये गेल्याने पुष्कळ घरांत भाडेकरू राहत होते.

26 जानेवारी 2001 : हानी आणि तिची कारणे

कच्छ हा भारताच्या भूकंपप्रवणता नकाशावर सर्वाधिक धोक्याच्या पट्ट्यात मोडतो. 16 जून 1819 च्या भूकंपात कच्छच्या रणात जमिनीचा एक लांब पट्टा वर उचलला जाऊन ‘अल्लाह बंद’ नावाने ओळखला जाणारा नैसर्गिक बांध तयार झाला आणि सिंदरीचा किल्ला पाण्याखाली गेला. 21 जुलै 1956 च्या भूकंपाने अंजार शहराची मोठी हानी केली. धोका अज्ञात नव्हता, परंतु 1819 सारख्या अतिमोठ्या भूकंपांमधला काळ माणसाच्या आयुष्याहून लांब असल्यामुळे बांधकामाच्या सवयींत तो मुरला नव्हता.

26 जानेवारी 2001 रोजी सकाळी 8 वाजून 46 मिनिटांनी झालेल्या भूकंपाचे परिमाण 7.7 होते आणि त्याचे केंद्र भुजपासून सुमारे 60 किलोमीटर अंतरावर, भचाऊ तालुक्यातील चोबारी गावाजवळ होते. सरकारी आकडेवारीनुसार गुजरातमध्ये 13,805 माणसे मृत्युमुखी पडली आणि दीड लाखांहून अधिक जखमी झाली. भुज शहरातील मृतांची संख्या दोन हजारांहून अधिक होती. भुजचे जिल्हा रुग्णालयही कोसळल्याने जखमींवर उघड्या मैदानात उपचार करावे लागले.

जुन्या शहरातील भिंती बहुतेक अनघड दगड मातीत किंवा कमकुवत चुन्यात रचून केलेल्या होत्या. अशा जाड भिंतीला आतला आणि बाहेरचा असे दोन पदर असतात आणि मध्ये भर असते. हे दोन पदर एकमेकांना बांधून ठेवणारे आरपार दगड नसतील, तर हादऱ्याने पदर फुगतात, सुटतात आणि वरचे जड छत खाली येते. भिंतींच्या कोपऱ्यांत सांधा नसणे, तुळया केवळ भिंतीवर टेकलेल्या असणे आणि जुन्या दगडी भिंतींवर नव्या काँक्रीटच्या स्लॅबचा भार टाकलेला असणे, या दोषांनी हानी वाढवली. याउलट कच्छच्या बन्नी भागातील भुंगा, म्हणजे गोल मातीच्या भिंतीचे आणि हलक्या गवती छपराचे पारंपरिक घर, अनेक ठिकाणी टिकून राहिले, कारण गोल आकारात कोपराच नसतो आणि हलके छत भिंतीवर फारसा आडवा जोर आणत नाही. दुसरीकडे, 200 किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादमध्ये तळमजला वाहनतळासाठी मोकळा सोडलेल्या काँक्रीटच्या बहुमजली इमारती कोसळल्या. त्यामुळे ‘जुने बांधकाम धोक्याचे आणि नवे सुरक्षित’ अशी सरळ विभागणी या भूकंपाने मान्य केली नाही. जोड, भार आणि आकार यांचे नियम ज्याने पाळले नाहीत ते पडले.

तरीही पुनर्रचनेच्या पुढच्या निर्णयांवर अरुंद गल्ल्यांच्या भीतीची छाया राहिली, आणि ती निराधार नव्हती. अंजारमध्ये प्रजासत्ताक दिनाच्या प्रभातफेरीत निघालेले 185 विद्यार्थी आणि 20 शिक्षक जुन्या शहराच्या गल्लीत दोन्ही बाजूंच्या भिंती कोसळून दगावले. भुजमध्येही ढिगाऱ्यांनी भरलेल्या गल्ल्यांमधून मदत आत नेणे आणि अडकलेल्यांना बाहेर काढणे दुष्कर झाले. सावली देणारी गल्ली संकटात पळवाट देत नाही, या कात्रीतूनच नव्या भुजचा नकाशा निघाला.

नगररचना योजना : जमिनीची फेरमांडणी

राज्य सरकारने 8 फेब्रुवारी 2001 रोजी गुजरात राज्य आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची स्थापना केली, आणि भुज, अंजार, भचाऊ व रापर या चार शहरांसाठी स्वतंत्र क्षेत्र विकास प्राधिकरणे नेमली. निधीचा मोठा भाग जागतिक बँक आणि आशियाई विकास बँक यांच्या कर्जांतून आला. भुजच्या विकास योजनेचे आणि जुन्या शहराच्या फेरमांडणीचे काम अहमदाबादच्या ‘एन्व्हायर्नमेंटल प्लॅनिंग कोलॅबोरेटिव्ह’ या संस्थेकडे सोपवले गेले.

सुरुवातीच्या चर्चेत शहर संपूर्णपणे हलवण्याचा विचारही पुढे आला होता, परंतु व्यापारी, देवस्थाने आणि बहुसंख्य मालक यांचा त्याला विरोध होता. दुसरीकडे, जसे होते तसे बांधू देणे म्हणजे पुढच्या भूकंपासाठी त्याच गल्ल्या तयार ठेवणे होते. रस्ते रुंद करण्यासाठी नेहमीचे भूसंपादन केले असते, तर रस्त्यावर येणाऱ्या मालकाचे घर पूर्ण गेले असते आणि त्याच्या मागच्या मालकाला काही न गमावता रुंद रस्त्याचा लाभ मिळाला असता. या अन्यायावर उपाय म्हणून नगररचना योजना हे साधन निवडले गेले. या पद्धतीत विशिष्ट क्षेत्रातील सर्व जमिनी कागदोपत्री एकत्र केल्या जातात, त्यांतून रस्ते आणि सार्वजनिक सोयी यांसाठी जागा काढली जाते, आणि उरलेल्या जमिनीतून प्रत्येक मालकाला त्याच्या मूळ भूखंडाच्या बदल्यात शक्यतो त्याच जागी, थोडा लहान पण सुघड आकाराचा अंतिम भूखंड दिला जातो. त्यामुळे सुधारणेचा भार आणि लाभ दोन्ही सर्वांत वाटले जातात.

ही पद्धत मराठी वाचकांना परकी नाही, कारण तिचे मूळ मुंबई इलाख्याच्या 1915 च्या नगररचना कायद्यात आहे. कच्छ 1956 पासून 1960 पर्यंत मुंबई राज्याचाच भाग होते, आणि पुढे गुजरातने 1976 च्या कायद्यात तर महाराष्ट्राने 1966 च्या प्रादेशिक व नगररचना कायद्यात ती चालू ठेवली. मात्र नगररचना योजना एरवी शहराच्या वेशीवरच्या शेतजमिनींवर राबवली जाते, जिथे घरे कमी आणि मोठे तुकडे जास्त असतात. दाटीच्या, शतकानुशतके वाटण्या होत आलेल्या तटाच्या आतल्या शहरावर ती लावणे हे भुजचे वैशिष्ट्य होते.

जुन्या शहराची 8 नगररचना योजनांत विभागणी करण्यात आली. प्रथम राडारोडा उपसून उघड्या झालेल्या जोत्यांची आणि उभ्या राहिलेल्या इमारतींची मोजणी झाली, मग ती सिटी सर्व्हेच्या जुन्या नोंदींशी ताडून पाहण्यात आली. ही कामगिरी नुसती तांत्रिक नव्हती, कारण मिळकत पत्रिकेवर दोन पिढ्यांपूर्वी वारलेल्या आजोबांचे नाव, प्रत्यक्ष ताबा तीन भावांचा, आणि जिना व मोरी चौथ्याच्या हद्दीत, अशी गुंतागुंत जुन्या शहरांत नित्याची असते. नवे रस्ते शक्यतो जुन्या वाटांच्या रेषेवर आणि मोकळ्या जागांतून नेण्यात आले, उभ्या राहिलेल्या इमारती टाळण्यात आल्या, आंधळ्या गल्ल्या पुढे उघडून एकमेकींना जोडण्यात आल्या, आणि पाडलेल्या तटाच्या भोवतीने वळसा रस्ता आखण्यात आला. कपातीचे प्रमाण सर्वांना सारखे नव्हते : अगदी लहान भूखंडांना कपातीतून वगळण्यात आले आणि भूखंड जितका मोठा तितकी कपात अधिक ठेवण्यात आली. नकाशे लोकांसमोर मांडून हरकती मागवण्यात आल्या, आणि त्यांनुसार रस्त्यांच्या रेषा काही ठिकाणी सरकवण्यातही आल्या.

योजना मंजूर होईपर्यंत जुन्या शहरात बांधकामाला परवानगी नसल्याने मालकांना जवळपास 2 वर्षे तात्पुरत्या निवाऱ्यात काढावी लागली, आणि या विलंबावर त्या काळात तीव्र टीका झाली. मात्र नंतरच्या अनुभवाने या टीकेची धार कमी केली, कारण एकदा अंतिम भूखंड हाती आल्यावर वाद कमी राहिले, पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या वाहिन्या नव्या रस्त्यांखालून एकाच वेळी टाकता आल्या, आणि मालक स्वतःच्या पैशांत सरकारी साहाय्याची भर घालून घरे बांधू लागले. ज्यांना जुन्या शहरात परत यायचे नव्हते त्यांच्यासाठी रावलवाडी, मुंद्रा रस्ता आणि आरटीओ या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या नव्या वसाहती उभ्या राहिल्या, आणि त्यामुळे जुन्या शहरातील दाटी कमी होऊन फेरमांडणीला आवश्यक ती मोकळीक मिळाली.

या साऱ्या यशाची किंमत मात्र शहराच्या पोतात मोजावी लागली. आंधळी गल्ली पुढे उघडली की फळियाचा खासगीपणा संपतो, अनोळखी वाहने आत येतात, आणि ओट्यावर बसणे हे रस्त्यावर बसणे ठरते. एका फळियातले काही मालक नव्या वसाहतीत आणि काही जुन्या जागी राहिल्याने शेजार तुटला. नव्या वसाहतींत ऐपत आणि जात यांनुसार नवे गट पडले. एडवर्ड सिम्प्सन यांच्या 2013 मधील ‘द पोलिटिकल बायोग्राफी ऑफ अॅन अर्थक्वेक’ या पुस्तकाने हा भूकंपोत्तर काळ राजकारण, धर्म आणि बाजारपेठ यांच्या संदर्भात तपासला आहे, आणि पुनर्रचना ही केवळ बांधकामाची प्रक्रिया नसून सत्तेच्या फेरवाटपाचीही प्रक्रिया असते, हे त्यातून स्पष्ट होते.

मालक आणि भाडेकरू

घरांसाठीचे साहाय्य हानीच्या श्रेणीवर आणि घराच्या आकारावर ठरत असे. किरकोळ भेगांपासून पूर्ण पडझडीपर्यंत 5 श्रेणी होत्या, आणि रक्कम मालकाच्या बँक खात्यात हप्त्यांनी जमा होई. पुढचा हप्ता मिळण्यापूर्वी अभियंत्याने काम पाहून जोत्यावर, दारे-खिडक्यांच्या डोक्यावर आणि छताच्या पातळीवर सलग काँक्रीटचे पट्टे घातले आहेत की नाहीत हे तपासायचे असे. पैसा आणि सुरक्षित बांधकाम यांची अशी सांगड घालणारी ही मालकप्रधान पद्धत, सरकारने ठेकेदाराकडून घरे बांधून वाटण्याच्या पद्धतीपेक्षा अधिक परिणामकारक ठरली.

या पद्धतीचा धडा काही अंशी महाराष्ट्रातून गेला होता. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांतील 52 गावे नव्या जागी वसवण्यात आली आणि तिथे जमीनधारणेनुसार 250, 400 किंवा 750 चौरस फुटांची तयार घरे वाटण्यात आली. चौकटीसारख्या सरळ रस्त्यांची ही नवी गावठाणे जुन्या गावांच्या कित्येक पट पसरली, त्यांत गढी, वाडा, पार आणि आळी यांना जागा उरली नाही, आणि शेत व घर यांतले अंतर वाढले. त्याच कार्यक्रमात ज्या गावांत मालकांना साहित्य, पैसा आणि अभियंत्याचा सल्ला देऊन घरांची दुरुस्ती त्यांच्याकडूनच करवून घेतली गेली, तिथला अनुभव अधिक समाधानाचा होता. गुजरातने या दुसऱ्या अनुभवावर भर दिला.

परंतु मालकप्रधान पद्धतीला मालक लागतो, आणि भुजच्या जुन्या शहरात भाडेकरूंची संख्या मोठी होती. वर्षानुवर्षे गोठलेल्या अल्प भाड्यावर राहणाऱ्या कुटुंबांना घरातल्या सामानासाठी तातडीची मदत मिळाली, पण घर पडल्याचे साहाय्य मालकाला मिळाले, आणि परदेशात किंवा मुंबईत असलेल्या मालकाला घर पुन्हा बांधून त्याच भाड्याने देण्यात काही स्वारस्य नव्हते. भूकंपाने इमारतीबरोबर भाडेकरार आणि वहिवाटीचा हक्कही गाडला. भाडेकरूंसाठी औद्योगिक वसाहतीच्या बाजूला लहान भूखंडांची एक जागा उशिराने उपलब्ध झाली, पण ती बाजारापासून दूर होती. हातगाडी, शिलाई, घरकाम किंवा दुकानातली नोकरी यांवर पोट असलेल्यांना रोजचा प्रवास परवडणारा नव्हता. त्यामुळे सरदारनगरसारख्या तात्पुरत्या निवाऱ्यांच्या वस्त्यांत पुष्कळ कुटुंबे वर्षानुवर्षे राहिली, आणि त्यांच्या पक्क्या घरांचा प्रश्न पुढे कच्छमधील हुन्नरशाला आणि कच्छ महिला विकास संघटन यांसारख्या स्वयंसेवी संस्थांच्या पाठपुराव्यातून हळूहळू पुढे सरकला.

वारसा : राजवाडा आणि साधे घर

भूकंपानंतर कच्छ आणि राजकोट परिसरातील 250 हून अधिक वारसा-इमारतींची पाहणी झाली, तेव्हा त्यांपैकी सुमारे 40 टक्के कोसळलेल्या किंवा गंभीररीत्या भंगलेल्या आढळल्या. भुजमधील दरबारगढ, म्हणजे राजवाड्यांचा तटबंद समूह, हा या हानीचा केंद्रबिंदू होता. त्यातील आयना महाल राव लखपतजी यांच्यासाठी अठराव्या शतकाच्या मध्यास रामसिंह मालम या कारागिराने घडवला होता. युरोपात काच, मीनाकाम आणि टाइल्स यांची कला शिकून आलेल्या या दर्यावर्दी कारागिराने भुजमध्येच ते उद्योग उभे केले, आणि निळ्या-पांढऱ्या फरशांनी मढवलेली जमीन, आरशांच्या भिंती व पाण्याने वेढलेली बैठक असलेला फुवारा महाल ही त्यांची साक्ष आहे. भूकंपात महालाचा वरचा भाग ढासळला, तरी ही आतली दालने वाचली आणि दुरुस्तीनंतर संग्रहालय म्हणून पुन्हा खुली झाली.

त्याच्या शेजारचा प्राग महाल 1865 मध्ये राव प्रागमलजी दुसरे यांनी सुरू केला आणि 1879 मध्ये पूर्ण झाला. त्याचे आराखडे कर्नल हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स यांचे, म्हणजे मुंबईचे जुने सचिवालय, पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि ओहेल डेव्हिड सिनेगॉग यांच्या रचनाकाराचे. त्यामुळे इटालियन गॉथिक शैलीतील टोकदार कमानी आणि उंच घड्याळाचा मनोरा पुणे-मुंबईच्या वाचकाला ओळखीचा वाटल्यास नवल नाही. प्रत्यक्ष घडाई मात्र कच्छी मिस्त्रींनीही केली होती. घडीव दगडाची नीट सांधलेली ही इमारत भेगाळली, तिचे काही भाग निखळले, पण ती उभी राहिली. याउलट राव लखपतजी यांची छत्री आणि तिच्या आसपासच्या राजघराण्याच्या समाध्या मोठ्या प्रमाणात कोसळल्या, कारण सडपातळ खांबांवर जड दगडी छत अशा रचनेत आडवा हादरा झेलण्यासाठी भिंतच नसते.

या मोठ्या वास्तूंना निदान मालक, प्रसिद्धी आणि पर्यटक होते. साध्या घरांतील कोरीव लाकडी झरोके, ब्रॅकेट, दारांच्या चौकटी आणि रंगवलेल्या भिंती यांची मात्र कोणतीही अधिकृत यादी भूकंपापूर्वी तयार नव्हती, आणि यादी नसल्यामुळे राडारोडा उपसणाऱ्या यंत्रांपुढे दगड आणि शिल्प यांत फरक उरला नाही. अझर तय्यबजी यांचे ‘भुज : आर्ट, आर्किटेक्चर, हिस्टरी’ हे 2006 मधील पुस्तक या शहराच्या रचनेची आणि स्मृतीची महत्त्वाची नोंद आहे, परंतु ही नोंद शहर पडल्यानंतर पुस्तकरूपात आली, हीच तिच्या मागची शोकांतिका आहे. नव्या घरांत काँक्रीटची चौकट आणि ब्लॉकची भिंत सरसकट आली. मातीचे सुधारित ब्लॉक आणि स्थानिक कारागिरी यांना आधुनिक सुरक्षिततेशी जोडण्याचे हुन्नरशालाचे प्रयोग गावांत व नव्या वस्त्यांत रुजले, पण जुन्या शहराच्या पुनर्बांधणीत त्यांचा वाटा मर्यादित राहिला.

पाण्याच्या वाटा

भुज हे कमी पावसाच्या प्रदेशातले शहर असल्याने त्याची खरी पायाभूत सोय म्हणजे हमीरसर आणि त्याला पाणी पुरवणारे तलाव, कालवे व बोगदे यांची रियासतकालीन साखळी होती. हमीरसर भरून वाहू लागला की भुजमध्ये सुट्टी जाहीर होते, तलावाची पूजा होते आणि ‘मेघलाडू’ वाटले जातात, इतका या पाण्याचा शहराच्या जीवनाशी संबंध आहे. भूकंपानंतर शहर जुन्या हद्दीपलीकडे वेगाने पसरले, आणि नव्या वसाहती व रस्ते यांच्याखाली पाणलोटाच्या काही वाटा दबल्या. विकास योजनेत रस्त्याला रुंदी आणि भूखंडाला क्षेत्रफळ असते, पण पावसाळ्याचे चार दिवस वाहणाऱ्या ओहोळाला कोणी मालक नसतो, म्हणून तो नकाशावर पडीक जमीन ठरतो. पुढे स्थानिक संस्था आणि नागरिकांच्या समित्यांनी तलावांची साखळी पुन्हा मोजून तिचे पुनरुज्जीवन हाती घेतले. पुनर्रचनेच्या अधिकृत आराखड्यात ज्याला जागा नव्हती ते काम लोकांच्या पुढाकाराने झाल्याचे हे आणखी एक उदाहरण आहे.

इतर शहरांच्या अनुभवाशी तुलना

6 एप्रिल 2009 च्या भूकंपानंतर इटलीतील लाक्विला शहराच्या ऐतिहासिक मध्यभागाला कुंपण घालून लोकांना शहराबाहेर 19 नव्या वसाहतींत घरे देण्यात आली. घरे लवकर मिळाली, पण मध्यभाग वर्षानुवर्षे टेकू लावलेल्या अवस्थेत रिकामा राहिला. इमारतींच्या जतनाचा आग्रह तिथे टिकला आणि शहरातली वर्दळ गेली. भुजमध्ये याच्या उलट घडले : वर्दळ आणि बाजार परत आले, इमारतींचे जुनेपण गेले. 25 एप्रिल 2015 च्या भूकंपानंतर नेपाळमधील भक्तपूरने तिसरा मार्ग धरला. तिथल्या नगरपालिकेने पारंपरिक विटा, लाकूड आणि माती यांचा आग्रह धरला, मंदिरांची कामे ठेकेदारांऐवजी स्थानिकांच्या उपभोक्ता समित्यांकडे सोपवली, आणि अटी मान्य नसल्याने मोठी परदेशी मदत नाकारली. हे त्यांना शक्य झाले, कारण नेवार कारागिरांची परंपरा आणि देवळांची देखभाल व उत्सव सांभाळणाऱ्या गुठी या सामुदायिक संस्था जिवंत होत्या. म्हणजेच वहिवाट सांभाळणारी, निर्णय घेऊ शकणारी संस्था आधीपासून अस्तित्वात होती. भुजच्या फळियांजवळ जिव्हाळा होता, पण कायद्याने ओळखले जाणारे रूप नव्हते.

निष्कर्ष

28 ऑगस्ट 2022 रोजी भुजियो डोंगरावर स्मृतिवन या स्मारकाचे उद्घाटन झाले. 470 एकरांवर पसरलेल्या या वनात पावसाचे पाणी अडवणारे छोटे बंधारे बांधले असून त्यांच्या भिंतींवर 12,932 मृतांची नावे कोरली आहेत. स्मारकाच्या रूपाने राज्याने मृतांची नोंद केली, आणि नगररचना योजनांच्या रूपाने भूखंडांची. भुजच्या पुनर्रचनेचे बळ आणि मर्यादा या दोन्ही नोंदींमधल्या जागेत सापडतात. जमिनीची फेरमांडणी, चढत्या क्रमाने कपात, हप्त्यांनी मिळणारे आणि तपासणीशी जोडलेले साहाय्य, हलण्याचा किंवा राहण्याचा निर्णय कुटुंबावर सोपवणे, ही या कामाची टिकाऊ देणगी आहे, आणि दाटीच्या जुन्या शहरात न्याय्य पुनर्रचना करता येते हे तिने सिद्ध केले आहे. मात्र ही यंत्रणा जे मोजू शकते तेच परत देते. जिन्याखालच्या खोलीत तीस वर्षे राहिलेले कुटुंब, सर्वांच्या वापरातला ओटा किंवा पावसाळ्यात वाहणारा ओहोळ यांचे मोजमाप तिच्याकडे नव्हते.

त्यामुळे भुजचा मुख्य धडा भूकंपानंतरच्या कामापेक्षा भूकंपापूर्वीच्या कामाविषयी आहे. ढिगारे पडल्यानंतर नव्याने न्याय शोधायला वेळ नसतो. तेव्हा प्रशासन हाती असलेले दप्तर उघडते, आणि त्या दप्तरात ज्याचे नाव असेल त्याच्याशी बोलते. ज्या शहरांत पेठा, वाडे, पागडीची घरे आणि जुने जलमार्ग अजून वापरात आहेत, आणि किल्लारी व 1967 च्या कोयना भूकंपाचा अनुभव असलेल्या महाराष्ट्रात अशी शहरे पुष्कळ आहेत, तिथे मिळकत पत्रिका अद्ययावत करणे, भाडेकरूंची आणि सामायिक वहिवाटींची नोंद ठेवणे, साध्या घरांची मोजणीसह चित्रे करून ठेवणे आणि पाण्याच्या वाटा विकास योजनेत दाखवणे, ही कामे वारसाप्रेमाची हौस म्हणून बाजूला टाकता येणार नाहीत. ती आपत्ती-व्यवस्थापनाचाच पहिला टप्पा आहेत, आणि इतर सर्व टप्प्यांच्या तुलनेत त्यांना लागणारा खर्च नगण्य आहे.